येतो म्हणावं

अहिल्याबाईंनी क्वेकूच्या तळहातावर दही घातलं. त्यांच्या नोएडातल्या फ्लॅटमधला हा घानाचा, बाईंकडून मराठी शिकलेला भाडेकरू शिक्षण संपवून गावी निघाला होता. “जातो, मावशी.” “जातो काय म्हणतोस? येतो म्हणावं!” दही चाटताना क्वेकू थबकला. गावाकडच्या किल्ल्यात तो पूर्वी गाइड होता, त्यानंच सांगितलं होतं. गुलामांना ज्यातून जहाजावर नेत, ते ‘परत न येण्याचं दार’ दाखवायचा. त्यांचे अमेरिकेतले वंशज तिथं रडायचे आणि टूर संपवताना काय बोलावं, हे त्याला सुचायचं नाही. “येतो,” तो म्हणाला. दिवाळीत त्याचा मोबाइलवरून फोन आला. “मावशी, ऐका!” मागे समुद्र गाजत होता. मग त्या दारातून टूरवरचे तीसेक गळे एकदम गरजले, “येतो!” “या रे, या!” बाई इतक्या जोरात ओरडल्या, की समोरची शेजारीण धावत आली. “कौन आया, जी?” “अभी रास्ते में हैं!”