पहिल्या पानावरचं नाव

दोनशेच्या वर रहस्यकथा आणि हेरकथा लिहिलेल्या दिवाकररावांना आठवडाभर चैन नव्हतं. अन्नपूर्णा भागातल्या वाचनालयात त्यांच्या प्रत्येक पुस्तकात कुणीतरी पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं, नाहीतर गद्दाराचं नाव लिहून ठेवत होतं. चार दिवस ते तिथे पेपरच्या आड चुळबुळत बसले. पाचव्या दिवशी त्यांनी तिथे नेहमी येणाऱ्या प्रेमलताबाईंना लिहिताना पकडलं.

"माझी सगळी मेहनत वाया घालवताय तुम्ही."

"माफ करा भाऊ. आमच्या यांना दोनदा अटॅक येऊन गेला. डॉक्टर म्हणाले, टेन्शन बिलकुल नको. पण तुमची पुस्तकं काही सुटत नाहीत. म्हणून मी आधी शेवट बघते, नाव लिहिते, मग त्यांना वाचायला देते."

 दिवाकररावांचं नवं पुस्तक आलं तेव्हा पहिली प्रत घेऊन ते स्वतःच त्यांच्या घरी गेले. "या वेळी नाव मीच लिहून देतो," म्हणत त्यांनी पेन काढलं. प्रेमलताबाई निश्चिंत मनाने चहा टाकायला आत गेल्या.


पलंगावरचे लक्ष्मणराव लगेच पुढे झुकले आणि स्वयंपाकघराकडे बघत कुजबुजले, "अहो भिया, चुकीचं लिहा ना."