कासवाची अंडी

टबातली वाळू बाजूला केली, तर अंड्यावरची पेन्सिलची फुली तळाशी गेलेली. दुसऱ्या अंड्याचीही तशीच. तळ्यातल्या कासवाने आमच्या परसात घातलेली ही अंडी चर खणताना वर आली, तेव्हा प्रत्येकाच्या माथ्यावर ती खूण करून मी ती तशीच टबातल्या वाळूत ठेवली होती. कोंबडीच्या अंड्यांसारखी ही फिरवायची नसतात. फिरवली तर आतला जीव गुदमरतो. लेकीला हे सांगायच्या आतच, सातव्या महिन्यात, मला दवाखान्यात न्यावं लागलं.

"अंड्यांना हात लावलास का गं?"

"मीच फिरवते. सकाळी आणि शाळेतून आल्यावर."

"कोणी सांगितलं?"

"कुणी नाही. आपलं बाळ काचेच्या पेटीत होतं, तेव्हा सिस्टर त्याची कूस बदलायच्या ना, तसंच." ती मला चिकटून बसली. "एखाद्या दिवशी त्या विसरल्या असतील, म्हणून ते गेलं. मी एकदापण नाही विसरले, आई."

तिने माझ्या हातातलं अंडं घेतलं, हलकेच वळवलं आणि वाळूत निजवलं.

"असंच ना?"

"असंच," मी म्हणाले आणि तिच्याबरोबर वरून वाळू लोटू लागले.