पाण्यातला बाळकृष्ण

परदेशात लेकाकडे, ग्लेन वेव्हर्लीच्या कडाक्याच्या थंडीत प्रमिलाबाईंनी बाळकृष्ण पाण्यात ठेवला, तेव्हा सुनेला वाटलं, लॉकडाऊनमुळे अडकलेल्या सासूबाईंना पुण्याचे वेध लागलेत. आज ती लॅपटॉपसमोरूनच ओरडली, “आई, फ्लाइट कन्फर्म झाली! काढा आता देवाला बाहेर.” “राहू दे. तो माझ्यासाठी नाही बसलेला.” शेजारच्या सलमाची चिमुकली भाची गाझामध्ये कॅन्सरने आजारी होती. उपचारांसाठी हद्द ओलांडायचा परवाना पोरीला मिळाला. आईला मात्र लष्कराने नाकारला. “एवढंसं लेकरू आईविना सुया टोचून घेणार?” म्हणत प्रमिलाबाईंनी त्याच दिवशी देवाला पाण्यात बसवलं होतं. तेवढ्यात कुंपणापलीकडून सलमाची हाक आली. “आंटी, तिच्या आईलाही सोडलं! दोघी हॉस्पिटलात पोचल्या!” रडत होती की हसत होती, मास्कमुळे कळेना. प्रमिलाबाईंनी बाळकृष्ण उचलला, पदराने खसाखसा पुसला आणि त्या सुनेकडे वळल्या. “हं, सांग आता. विमान कधीचं?”