भात्यामागची भिंत

कोळशाने काढलेला नांगराचा फाळ. एका शिंगाचा बैल. विळ्यापुढे दोन रेघा. पालथी कुऱ्हाड.

हे सगळं धोंडू लोहाराच्या भात्यामागच्या भिंतीवर होतं. कुणाला काय घडवून दिलं आणि सुगीला कुणाकडून किती धान्य यायचं, ते त्याला त्यावरूनच कळे. खंडेनवमीला पाहतो, तर सगळी भिंत पांढऱ्या मातीने सारवलेली.

"वरसाचं दाणं पुसलंस, पोरी," तो नव्या सुनेला म्हणाला. चांगुणा मान खाली घालून उभी राहिली.

"सून दिलदार हाय लोहारबुवा, गावाला फुकटात अवजारं दिली," पूजेला आलेला म्हादबा हसला. पण थंड भट्टीतला कोळसा उचलून त्यानेच आपला बैल पुन्हा काढला. मग एकेक जण पुढे झाला. दिवस मावळेतो भिंत भरली.

सगळे गेल्यावर धोंडूने कोळसा सुनेपुढे धरला. "तुझीबी खूण काढ."

"माझी कशाला, मामंजी?"

"तुझं देणं लागतो मी."

भट्टीच्या भिंती सारव, काळा डाग म्हणून ठेवू नकोस, असं आदल्या दिवशी त्यानेच तिला सांगितलं होतं.