साधं पाणी

छतातून थेंब सुटला आणि ओट्यावरच्या पांढऱ्या ताटलीत पडला. तीन डोकी एकदम ताटलीवर वाकली.

थेंबाला रंगच नव्हता.

"झालं!" सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले. "सकाळपासून वरच्या घरात तीन-तीन रंग ओतलेत, आणि आलं काय? साधं पाणी!"

मेंटेनन्सवाली अजून ताटलीतच बघत होती. इमारतीची डागडुजी तिच्याकडे येऊन महिना झाला होता. कसोटीचा म्हणून ठरलेला हा महिना आज संपत होता. गळती सापडली तर नोकरी पक्की, नाही तर बाहेरची कंपनी, असं सेक्रेटरींनी सकाळीच सुनावलं होतं. या गळतीने आधीच्या दोघांच्याही नाकी नऊ आणले होते. एकाने वरच्या बाथरूमच्या बारा फरशा फोडल्या, दुसऱ्याने आणखी नऊ. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या ओट्यावर थेंब आपला पडतच होता.

म्हणून तिने आधी रंग आणले. चौथ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या मोरीत निळा, बेसिनमध्ये हिरवा, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये लाल. जो पाइप गळत असेल त्याचा रंग खाली येणार. तिथल्या आजोबांना मात्र सांगायचं राहून गेलं. ते बेसिनवर तोंड धुवायला गेले आणि हिरवं पाणी बघून त्यांनी सगळा मजला डोक्यावर घेतला.

"हरलीस का गं पोरी?" काकूंनी हळूच विचारलं.

तिलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. मग दुसरा थेंब पडला, तोही तसाच स्वच्छ. तिने त्यात बोट बुडवून बघितलं आणि तिचा चेहरा खुलला.

"काकू, वापरलेलं पाणी असतं तर रंग घेऊन आलं असतं. हे अजून नळापर्यंत पोचलेलंच नाही. सांडपाण्याचे पाइप शाबूत आहेत. गळतोय तो भिंतीतला, नळाला पाणी आणणारा."

ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. मागून सेक्रेटरी धापा टाकत आले. दारात त्या घरच्या वहिनी आडव्या उभ्या होत्या.

"आणखी एकही फरशी फोडू द्यायची नाही मी. एकवीस झाल्या!"

"बाविसावी शेवटची, वहिनी."

वहिनींनी तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत बाजूला झाल्या.

सिंकमागच्या भिंतीला तिने स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं आणि मूठ कानाला. डॉक्टर छाती तपासतात तशी ती एकेक फरशी ऐकत सरकली. सेक्रेटरी काही बोलायला गेले तर तिने मागे न बघताच हात वर केला. खिडकीजवळच्या फरशीपाशी ती थांबली. पुन्हा ऐकलं. मग छिन्नी लावली आणि हातोडीचे तीन घाव घातले.

फरशी निघाली तशी पाण्याची बारीक चिळकांडी थेट तिच्या तोंडावर आली. ओल्या तोंडानेच ती हसत सुटली. तिचं हसू बघून वहिनीही हसल्या. दारात येऊन उभ्या राहिलेल्या आजोबांनी विचारलं, "या पाण्याचा रंग कोणता?"

"काहीच नाही आजोबा, पिण्याचं आहे." तिने भोकावर अंगठा दाबून धरला. मग मान वळवून म्हणाली, "साहेब, गच्चीवरचा वॉल्व्ह बंद करायला हवा."

सेक्रेटरींनी खिशातून जुडगा काढला. जिन्याकडे निघाले, दोन पावलांवर थांबले. मग तिथेच उभं राहून, नखाने कडी उचकटत, गच्चीची किल्ली जुडग्यातून सोडवायला लागले. ती निघता निघेना. शेवटी निघाली, तेव्हा त्यांनी ती तिच्या मोकळ्या हातात ठेवली.

"भोकावर मी धरतो अंगठा, तुम्ही जा. आणि किल्ली तुमच्याकडेच राहू दे. दर वेळी मला कुठे शोधत बसणार?"