चिठ्ठीवरचा पहारा

“सर, फाइल जागच्या जागी आहे आणि तुमचा प्रोग्राम म्हणतोय पुसली गेली. दोघांपैकी एकजण खोटं बोलतोय,” टेस्टर म्हणाली आणि तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवला.

ऑफिसात त्याला सगळे पहारेकरी म्हणत. कॉम्प्युटरच्या पोटात कर्नल नावाचा एक मुकादम बसलेला असतो. कुठल्याही फाइलला कोणी हात लावला की त्याला आधी कळतं. ती खबर त्याच्याकडून काढून घेणारे प्रोग्राम लिहिण्यात याची वीस वर्षं गेली होती. आपला पहारा खोटं बोलतो हे ऐकून त्याला हसूच आलं.

“मुकादम खोटं बोलत नाही, बाई. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या कुठल्यातरी प्रोग्रामने घोळ घातला असणार.”

“घोळ नाही, पद्धतच आहे तशी. बघा.” तिने फाइल उघडली, एक शब्द लिहिला, सेव्ह केलं. “हा एडिटर, म्हणजे लिहायचा प्रोग्राम, जुन्या फाइलमध्ये लिहीतच नाही. शेजारी नवी फाइल करतो, तिच्यात सगळं उतरवतो आणि जुनीचं नाव देऊन तिला जुनीच्या जागी बसवतो. जुनी पुसली जाते. नाव तेच, पण प्रत्येक फाइलला आतून असतो तो क्रमांक नवा. तुमचा मुकादम फाइल ओळखतो क्रमांकावरून. नावाशी त्याला काय देणंघेणं?”

तो हसायचा थांबला.

“म्हणजे कोणी लिहिलं, तरी खबर येणार पुसल्याची?”

“हो. आणि तीही एकदाच. त्या क्रमांकाबरोबर पहाराही संपतो. पुढे कोणी पानंच्या पानं लिहिली तरी तुम्हाला पत्ता लागायचा नाही. सर? बरं वाटत नाहीये का?”

त्याने बॅग उचलली आणि अर्ज न देताच भर दुपारी घर गाठलं.

घरातला जुना कॉम्प्युटर कधीच बंद नसे. मुलगी आठ वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हा याची कामाची पाळी आणि तिची शाळा यांचा मेळ बसत नसे, म्हणून त्याने त्या कॉम्प्युटरवर ‘चिठ्ठी’ नावाची एक फाइल करून ठेवली. ‘दूध संपलंय.’ ‘उशीर होईल, जेवून घे.’ ‘बाबा, माझे मोजे तुम्ही घालून गेलात का?’ तारीख घालून एकेक ओळ. पंधरा वर्षं त्या घराचा संसार त्या फाइलवर चालला. पासवर्ड दोघांनाच माहीत होता आणि जगाच्या पाठीवर कुठूनही आत शिरता येत होतं.

मग कॉलेजचं शेवटचं वर्ष अर्धवट टाकून मुलगी जहाजावर स्वयंपाकी म्हणून निघाली. त्याने नाही नाही ते ऐकवलं आणि शेवटी म्हणाला, “गेलीस तर या घरात फोन करायचा नाही.” लेक कोणाची? तिने केला नाही.

तिसऱ्या दिवशी याचा राग ओसरला. पण शब्द मागे घेईल तर तो कसला बाप. त्याने गुपचूप ‘चिठ्ठी’वर पहारा बसवला. ती लिहील, आपल्याला कळेल, मग बघू. अकराव्या दिवशी खबर आली: ‘क्रमांक ४०७३१. फाइल पुसली गेली.’

एवढ्या लांबून आली, ती पुसायला आली, असं त्याला वाटलं. पंधरा वर्षांचं दूध, मोजे, सगळं पुसून गेली. ऑफिसात कुठलीही खबर तो तीनदा पडताळून पाही. इथे त्याने तो फोल्डर उघडलासुद्धा नाही. दुखावलेल्या माणसाला पुरावा लागत नाही. कॉम्प्युटर मात्र त्याने चालूच ठेवला. का, ते त्याने स्वतःलाही विचारलं नाही. या गोष्टीला सहा वर्षं झाली.

आता पायात बूट तसेच ठेवून त्याने फोल्डर उघडला. ‘चिठ्ठी’ तिथेच होती. दूध होतं. मोजे होते. आणि त्यांच्या खाली चार नव्या ओळी होत्या.

पहिलीवर त्याच अकराव्या दिवसाची तारीख होती. ‘बाबा, पोचले. हात थोडा पोळलाय, बाकी ठीक. अजून रागात आहात?’

दुसरी महिन्याने. ‘रोज उघडून बघते. फोन करायचा नाही म्हणालात, लिहायचं नाही असं नाही म्हणालात.’

तिसरी त्यानंतर चार महिन्यांनी. ‘घरी यावंसं वाटतंय. जास्त नको, नुसतं “ये” लिहा.’

चौथी पाच वर्षांपूर्वीची. ‘कॉम्प्युटर चालू आहे, म्हणजे तुम्ही वाचताय. उत्तर मिळालं, बाबा.’

त्याखाली काही नव्हतं.

त्याला रडू आलं आणि ते त्याने येऊ दिलं. मग डोळे पुसून तो सरळ बसला. टेस्टर चुकली असेल, दोष आपल्या पहाऱ्याचा नसेल, ही एक वेडी आशा अजून मनात चिकटून होती. त्याने सहा वर्षांपूर्वीचाच प्रोग्राम पुन्हा सुरू केला, ‘चिठ्ठी’वर पहारा बसवला आणि फाइल उघडली. मुलीनेच कधीतरी बसवलेला एडिटर समोर आला, टेस्टरने दाखवला होता तोच. शेवटच्या ओळीखाली त्याने आजची तारीख घातली. पुढे लिहिलं, ‘ये.’

त्याने सेव्ह केलं.

कोपऱ्यात खबर उमटली. क्रमांक निराळा होता. शब्द तेच होते: ‘फाइल पुसली गेली.’