झोप न येणारी सीट

"ही नको," करिश्मा सीटवरून उठत म्हणाली. "हिच्यात झोप येते."

खुशालभाऊंनी हातातली कात्री खाली ठेवली. चंद्रपुरात गाड्यांच्या सीटा शिवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. झोप येते म्हणून सीट नाकारणारं गिऱ्हाईक त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"वहिनी, लांबच्या रस्त्याले लोक हीच मागतात. कमरेले आधार, मानेले आधार. अन् तुमाले तर आलापल्लीच्याबी पुढं जायचं आहे."

"हीच टाका," तिचा नवरा, रोशन, म्हणाला. "तिले आराम पाह्यजे."

"मले कडक पाह्यजे. मले बसून जायचं आहे, निजून नाई."

खुशालभाऊंनी आतून एक सरळ पाठीची सीट आणून ठेवली. करिश्मा तिच्यावर बसली. पाठीला फळी टेकल्यासारखं वाटलं. "हीच," ती म्हणाली.

"अन् मागची? तिचाबी फोम बसला आहे. लेकरंबाळं बसत असतीन तर नवा टाकून देतो."

"आम्हाले लेकरू नाई," करिश्मा म्हणाली.

"मागची राहू द्या," रोशन एकदम म्हणाला. "तिले हात नका लावू." आणि न वाजलेला फोन कानाला लावून तो बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला.

करिश्मा त्याच्या पाठीकडे बघत राहिली. आजकाल तिला या माणसाची भीती वाटायची.

तिचं माहेर आलापल्लीच्या पुढं, सिरोंच्याच्या रस्त्यावर. सासर बल्लारपूरला; तिथून निघालं की अर्धा दिवस गाडीत जातो. आष्टीपर्यंत ती गप्पा मारायची. नदीचा पूल, मग आलापल्लीचा चहा. चहाबरोबर रोशन तिच्या हातावर एक गोळी ठेवायचा. "गाडी लागते तुले," म्हणायचा. आपल्याला गाडी कधी लागली, हे तिला आठवत नव्हतं. त्यानंतर सागवान सुरू झालं की डोळे जड व्हायचे आणि जाग यायची ती थेट आईच्या अंगणात.

तेवढ्यानं ती घाबरली नसती. पण जाग आल्यावर तिच्या चपलांना ओला चिखल असायचा. साडीच्या काठाला कुसळं चिकटलेली असायची. एकदा कोपरावर ओरखडा होता, ताजा.

"तूच उतरली होती रस्त्यात," रोशन म्हणायचा. "झोपेत होती, म्हणून आठवत नाई."

तिची आई, ठमाबाई, त्यांना बघून खूश व्हायची नाही. आधी लेकीच्या पायांकडे बघायची, मग जावयाकडे. "आजबी?" एवढंच विचारायची. रोशन हो म्हणून मान हलवायचा. मग आई गरम पाणी आणून तिचे पाय धुवायची, खूप वेळ, खाली मान घालून. काय झालं म्हणून विचारलं, तर "काई नाई माय, थकली तू," म्हणायची.

आईसुद्धा त्याला सामील आहे, हा विचार मनात आला त्या दिवसापासून करिश्मानं तिला काही विचारायचं सोडलं.

नवी सीट बसवल्यानंतरच्या रविवारी ते निघाले. आलापल्लीला तिनं गोळी घेतली, जिभेखाली धरली आणि चूळ भरायच्या निमित्तानं थुंकून टाकली.

सागवान लागलं. रस्त्यावर माणूस नव्हतं. दुपारचं ऊन झाडांतून तुकड्या-तुकड्यांनी खाली पडत होतं, आणि मोठाली वाळकी पानं गाडीखाली कुरकुरत होती. सीट पाठीला टोचत होती. बरं वाटत होतं ते टोचणं.

"झोप नाई येऊन राह्यली?" रोशननं विचारलं.

"येऊन राह्यली ना." तिनं डोळे मिटले आणि मान कलती केली.

थोडा वेळ गेला. गाडीचा वेग कमी झाला. रोशनचा श्वास तिला ऐकू येत होता, मोठा आणि अडखळत. मग त्याचा हात तिच्या अंगावरून पलीकडे गेला. त्यानं तिचा बेल्ट ओढून घट्ट केला. दाराचं लॉक दाबलं. ते बसलंय का, म्हणून दार हलवून पाहिलं.

एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला रान. आपण ओरडलो तरी इथं ऐकणार कोण?

समोर गाईंचा कळप आडवा आला आणि गाडी थांबली. तिनं बेल्ट काढला, लॉक वर केलं आणि दार ढकलून उडी मारली.

"करिश्मा! थांब!"

ती नाल्यात उतरली, पलीकडे चढली. मागं पानं चुरडत तो येत होता. ती आणखी जोरात धावली. मुळ्यांची ठेच लागत नव्हती, वाट अडत नव्हती. कुठं वाकायचं, कुठं वळायचं, हे पायांना माहीत होतं. जिवाच्या आकांतानं ती हाका मारत होती. वाचवा, वाचवा, असंच ओरडतोय असं तिला वाटत होतं.

एका उघड्या जागेवर तिचे पाय आपोआप थांबले आणि तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"सुरज! बेटा, सुरज!"

हे नाव कुणाचं, ते तिला कळेना. पण तोंड थांबत नव्हतं.

रोशन धापा टाकत आला. त्यानं तिला मागून कवेत घेतलं. त्याच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या मानेवर पडत होतं.

"चल, करिश्मा," तो म्हणाला. "तीन पावसाळे झाले सुरजले या रानात हरवून. आपलं लेकरू आता ओ देत नाई."